स्टेपनी काढून घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोटारगाड्या बनवून विकणाऱ्या सर्व कंपन्या,
तसेच केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय

विषय: नव्या गाड्यांतून स्टेपनी, जॅक आणि पाना काढून टाकल्याबाबत

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फाट्यावर माझं टायरचं दुकान आहे. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, टायर उतरवायची मशीन, पाण्याचं टाकं आणि बाहेर जुन्या टायरांची रास. बैलबंडीच्या चाकापासून दहा चाकी ट्रकपर्यंत सगळं येतं. मोटारी पूर्वी कमी यायच्या. आता मास्तर, कृषी केंद्रवाले, विमा एजंट, कापसाचा चुकारा हातात आला की कर्जाला जोड देऊन गाडी घेणारे शेतकरी, सगळ्यांच्या दारात गाडी आहे. चांगलंच आहे. पण यातल्या बऱ्याच नव्या गाड्यांच्या डिकीतला गालिचा उचलला की चाकाच्या जागी थर्माकोलसारखा एक साचा दिसतो. त्यात पंक्चर बुजवायच्या द्रवाची एक बाटली आणि एक छोटा पंप. तेवढंच.

हे पत्र त्या बाटलीबद्दल आहे.

कोणी म्हणेल, खड्ड्यांवर तर याचाच धंदा चालतो. चालतो की. पावसाळ्यात माझा गल्ला बरा असतो, ते मी कशाला लपवू? पण गिऱ्हाईक चाक बदलून दुकानापर्यंत आलं तर माझा धंदा. ते दहा-वीस किलोमीटर अलीकडं अंधारात अडकलं तर धंदा कसला, नुसता रात्रीचा फोन. आणि या भागात असा फोन आला की जावंच लागतं, कारण फोन करणारा कोणाचा तरी जावई नाही तर साळा निघतो.

नियम काय आहे ते मला ठाऊक आहे. जुलै २०२० मध्ये मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली. अट अशी की टायर ट्यूबलेस हवेत, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा हवी आणि पंक्चर काढायचं किट हवं, म्हणजे तीच बाटली आणि पंप. जागा वाचेल, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा होईल, असं कारण होतं. कागदावर वाचलं तर वावगं काही नाही. पण हा नियम करताना टायर खिळ्यानंच खराब होतो असं धरलेलं दिसतं. आमच्याकडं टायर खिळ्यानं कमी आणि खड्ड्याच्या कडेनं जास्त जातो, आणि या दोन्हीत फार फरक आहे.

खिळा, बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा घुसला तर भोक टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात पडतं. ते चार-सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर बाटलीतला द्रव त्यात जाऊन बसतो आणि गाडी हळूहळू दुकानापर्यंत येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. असलं पंक्चर मीसुद्धा पट्टी घालून दहा मिनिटांत काढतो. खड्ड्यात मात्र चाक आधी खाली उतरतं आणि मग समोरच्या कडेवर आदळतं. त्या क्षणी टायरची बाजू ती कड आणि टायर ज्यावर बसतो ती धातूची डिस्क यांच्या मधे चेपली जाते आणि आतले धागे तुटतात. मग एक तर बोट जाईल एवढा काप पडतो, नाही तर दोन-चार दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. कधी टायर धडधाकट राहतो आणि डिस्कच वाकते, मग हवा कडेतून निघून जाते. यातल्या एकावरही बाटली चालत नाही. तुमच्याच गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलं आहे की टायरच्या बाजूला इजा झाली असेल तर किट वापरू नका. मग वापरायचं काय, ते मात्र त्या पुस्तकात नाही. मदत क्रमांकावर फोन करा म्हणतात.

त्यात टायरही तुम्ही बाजूनं बुटके केलेत. जुन्या गाडीचा १६५/८० आर १४ टायर घ्या, त्याच्या बाजूची उंची १३२ मिलिमीटर भरते. आता १९५/५५ आर १६ येतो, त्याची १०७. एक इंच रबर कमी झालं. शोरूमच्या काचेआड गाडी त्यानं देखणी दिसते, पण खड्ड्याचा मार झेलायला मधे होतं ते रबरच गेलं. टायर बुटका करायचा आणि त्याच गाडीतून स्टेपनीही काढायची, हे दोन्ही निर्णय एकाच कारखान्यात झाले असतील तर ते घेणारे एकमेकांशी बोलतात की नाही, असा प्रश्न पडतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक मास्तर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून वर्ध्याहून परत येत होते. इलेक्ट्रिक गाडी, घेऊन वर्षही झालं नव्हतं. रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, अलीकडं पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं. मी मोटरसायकलवर जॅक बांधून पोचलो तेव्हा मास्तरांनी मोबाइलच्या उजेडात पुस्तक वाचून बाटली पूर्ण रिकामी केली होती. टायरच्या बाजूला दोन बोटांचा काप होता. त्यातून पांढरा द्रव दुधासारखा चिखलात ओघळत होता आणि पंप घरघरतच होता. मास्तर म्हणाले, "भाऊ, काटा वर चढूनच नाही राह्यला." मी म्हटलं, "पंप बंद करा सर, बॅटरी कायले जाळता. स्टेपनी काढा." तर म्हणाले, "नाही देत म्हणे आता."

ट्रॅक्टर लावून ओढावी, तर त्या गाडीच्या पुस्तकात चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका असं लिहिलेलं. मदत क्रमांकावरची मुलगी पिनकोड विचारत होती, मग जवळची मोठी खूण विचारायला लागली. आता त्या रस्त्यावर खूण सांगायची तर एक तुटका मैलाचा दगड आणि कोणाचं तरी संत्र्याचं वावर. आईला ओळखीच्या ऑटोनं घरी पोचवलं. मास्तर गाडीतच झोपले, कारण नवी गाडी रस्त्यावर सोडून जायची कशी? त्या मापाचा टायर तालुक्यात नव्हता, जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळाला नाही. नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आल्यावर काम फार वेळाचं नव्हतं. डिकीत चाक असतं तर आदल्या संध्याकाळीच मास्तरांनी ते बदललं असतं आणि मला बोलवायचीही गरज पडली नसती.

या गाड्यांमधून चाकासोबत जॅक आणि पानाही गेला आहे, हे वरच्या माणसांच्या ध्यानात आलं आहे का? बहुतेक गाड्यांत किट दिलं की जॅक नाही, नट खोलायचा पाना नाही. म्हणजे भावाच्या तशाच गाडीतली स्टेपनी कोणी आणून दिली तरी ती बसवता येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं चाक तर लागतच नाही. चार नटांची डिस्क पाच नटांना बसत नाही, चार-चार असले तरी भोकांमधलं अंतर वेगळं असतं. खेड्यात माणूस अडला की दुसरा थांबतो, हात लावतो. पण हात लावायला हत्यार तर पाहिजे. जॅक-पान्याचं वजन किती आणि किंमत किती, यावर मी काही लिहीत नाही. लिहायलाच लाज वाटते.

विकताना हे सांगत का नाही? सनरूफ सांगता, टचस्क्रीन सांगता, किती एअरबॅग ते सांगता. स्टेपनी नाही हे कोणत्या सेल्समननं आपणहून सांगितलं, असं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात इंग्रजीत असतं. माणसाला ते कळतं ते माझ्या दुकानात, किंवा मास्तरांसारखं रपट्यावर.

काही गाड्यांत लहान, बारीक स्टेपनी देता, त्याबद्दल थोडं बरं बोलतो. नसण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते आणि ती तात्पुरती असते, हे माहीत असलं म्हणजे झालं. अडचण एवढीच की आमच्याकडं तात्पुरतं म्हणजे किती दिवस हे टायर कुठून येतो त्यावर ठरतं. त्या बारीक चाकावर माणसं चार-चार दिवस चिखलाच्या रस्त्यानं गाडी चालवतात.

आता पैशाचं. टायरच्या वॉरंटीत कारखान्यातला दोष बसतो, खड्ड्याचा मार बसत नाही. नेहमीच्या विम्यातही नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही मार लागलेला असला तरच टायर धरतात, आणि तेव्हाही निम्मे. टायरचं वेगळं कव्हर मिळतं, पण त्याचे पैसे वेगळे. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळं मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, ही मोठी गोष्ट झाली. पण माणूस सुखरूप राहिला आणि टायर-डिस्कचे दहा-बारा हजार गेले, तर ते पूर्ण त्याच्याच खिशातून जातात. म्हणून फुगा आलेला टायर मी दाखवला की गिऱ्हाईक म्हणतं, "चालू द्या भाऊ, सोयाबीन निघाल्यावर पाहू." डिकीत चांगलं चाक असलं तर मी तिथल्या तिथं बदलून देतो आणि फुग्याचा टायर काढून ठेवतो. चाकच नसेल तर तो तसाच निघून जातो. समृद्धी महामार्ग विदर्भातून गेला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू झाला, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. पण समृद्धीवर चढायच्या आधी गावचा रस्ता पार करावा लागतोच. त्या रस्त्यावर मार खाल्लेला टायर पुढं १२० नं पळतो. स्टेपनी नसल्याचा हा धोका नियम करताना कोणी मांडला होता का?

तुमची बाजूही मी ऐकली आहे. चाकाचं वजन पंधरा-वीस किलो, ते काढलं की मायलेज थोडं वाढतं, डिकी मोठी होते, शहरातला माणूस गाडी विकेपर्यंत स्टेपनीला हात लावत नाही. खरं आहे. माझ्याकडंही असे लोक येतात ज्यांची स्टेपनी दहा वर्षांत उतरली नाही, तिच्यात हवा नाही, बाजूला बारीक भेगा. टायरवर आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते मी त्यांना दाखवतो आणि हवा दोन-तीन पॉइंट जास्तच भरून देतो. पण लोक निगा राखत नाहीत म्हणून वस्तूच काढून घ्यायची? पुण्यात अर्ध्या तासात मदतीची गाडी येत असेल तर तिथं किट द्या, माझी हरकत नाही. गडचिरोलीत आलापल्लीहून सिरोंचाला जाणाऱ्या माणसापुढं शंभरेक किलोमीटर जंगल आहे, मधे कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. चिखलदऱ्याहून धारणीकडं मेळघाटातून जाणाऱ्याचंही तेच. त्यालाही तीच गाडी आणि तीच बाटली. जागा बॅटरीनं खाल्ली म्हणावं, तर पेट्रोलच्या गाडीत कोणती बॅटरी आहे? आणि चाक महाग पडतं हे कारण असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे.

रस्ते नीट असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, हे मला कळतं. म्हणून याची एक प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि एक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला जाते आहे. आमची जमीन काळी, रेगडी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं डांबर तिच्यासोबत हलतं. बाजूची नाली बुजलेली असली की पाणी रस्त्यातच मुरतं, त्यावरून रेतीचे आणि कोळशाचे ट्रक जातात आणि एका पावसात खड्डा तयार. त्यात मुरूम टाकतात. पुढच्या पावसात मुरूम वाहून जातो, गिट्टी उघडी पडते, आणि टायर कापायला तीच जास्त वाईट. खड्डा चौकोनी कापून, साफ करून, डांबर मारून, दाबून बुजवायचा असतो हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायची गरज नाही. नव्या सिमेंटच्या रस्त्यांचा वेगळाच त्रास आहे. स्लॅब वर, साइडपट्टी खाली, मधे वीतभर उभी कड. समोरून ट्रक आला म्हणून गाडी खाली उतरवली की परत वर चढताना ती कड टायरची बाजू खरवडून काढते. मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्या कापलेल्या टायरांत हल्ली मला खड्ड्याइतकेच या कडेचे दिसतात. तिथं नुसता मुरूम भरून दाबला तरी पुरे.

आता मागण्या. कंपन्यांकडून चार.

गाडी बुक करताना पूर्ण मापाची स्टेपनी हवी की किट, हे गिऱ्हाइकाला विचारा. स्टेपनीचे जास्तीचे पैसे लागत असतील तर ते बिलात दाखवा. आमच्याकडचा माणूस ते देईल, कारण बाहेरून साधी लोखंडी डिस्क आणि टायर घ्यायला त्याला तसेही पाच ते आठ हजार लागतात. पण डिकीत तिला बसायला आणि बोल्टनं घट्ट करायला जागा ठेवा. नाही तर आज लोक चाक घेतात आणि मागच्या सीटमागं मोकळंच टाकतात. जोरात ब्रेक मारला की ते कोणाच्या डोक्यावर येईल, सांगता येत नाही.

जॅक, पाना आणि ओढायचा हूक प्रत्येक गाडीत द्या, स्टेपनी असो वा नसो.

पैसे घेण्याआधी एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या: या गाडीत स्टेपनी नाही, टायरच्या बाजूला काप गेला किंवा डिस्क वाकली तर किट चालणार नाही, बाटलीची मुदत अमुक महिन्यात संपते. मुदत संपलेल्या बाटल्या माझ्याकडं येतात. लोकांना वाटतं ती गाडीइतकीच टिकते.

आणि ज्या मापाचा टायर गाडीला लावता, तो त्या जिल्ह्यातल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये निदान पावसाळ्यात तरी ठेवा.

मंत्रालयाकडं एकच. २०२० ची सूट रद्द करा असं मी म्हणत नाही. ती कंपनीच्या मर्जीवर न ठेवता घेणाऱ्याच्या लेखी पसंतीवर ठेवा. गाड्यांचे नियम आणि राष्ट्रीय महामार्ग दोन्ही तुमच्याच खात्याकडं आहेत आणि खात्याचे मंत्री नागपूरचे आहेत. यवतमाळ नागपूरहून फार लांब नाही. नियम तपासायला समिती नेमली तर तिला ऑगस्टमध्ये पाठवा, जानेवारीत नको.

बांधकाम विभागांकडं दोन. ज्या रस्त्याची देखभाल अजून ठेकेदाराकडं आहे, त्याच्या फलकावर मुदत कधी संपते ते आणि तक्रारीचा फोन नंबर वाचता येईल असा लिहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना पाच वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते, पण फलकावरचा रंग त्याआधीच उडतो. आणि खड्ड्यानं टायर-डिस्क गेली तर फोटो आणि बिल देऊन तालुक्यालाच अर्ज करता येईल अशी सोय करा. पैसे मिळोत न मिळोत, निदान कोणत्या रस्त्यावर किती टायर फुटतात याची नोंद तरी सरकारदरबारी होईल. आज ती फक्त माझ्या वहीत होते, तीही उधारी असली तरच.

उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं. ते येईपर्यंत गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगत राहणार आहे की टोकन द्यायच्या आधी शोरूममध्ये डिकीतला गालिचा स्वतः उचलून पाहा, आणि खाली चाक नसेल तर त्याची किंमत कमी करून मागा.

आपला,
एक टायरवाला
जिल्हा यवतमाळ

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
सार्वजनिक बांधकाम विभाग
बांधकाम विभाग, जिल्हा परिषद